विख्यातांचा वेग आणि लोकमताचा निवाडा

ऑक्टोबर २०२३ मध्ये, विश्वचषक क्रिकेट स्पर्धा ऐन भरात असताना, १९ तारखेला गहुंजे येथे बांगलादेशाविरुद्ध होणाऱ्या सामन्यासाठी भारतीय संघाचा कर्णधार रोहित शर्मा मुंबईहून पुण्याकडे आपली लॅम्बोर्गिनी मोटार हाकीत गेला, द्रुतगती मार्गावर तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर, एका ठिकाणी २१५ पर्यंत, पोहोचला आणि त्याबद्दल तीन चलाने निघाली, असे वृत्त पुण्यातील एका इंग्रजी वृत्तपत्राने दिले व ते बघता बघता देशभर पसरले. या मार्गावर मोटारींना सपाटीत ताशी १०० आणि घाटात ६० किलोमीटरची मर्यादा घालून दिलेली आहे. पुढे महामार्ग पोलिसांच्या नोंदींच्या आधारे जी माहिती बाहेर आली तीत चलाने दोनच होती, आणि वेग शंभराच्या वर असला तरी सव्वाशेच्या आत होता. म्हणजे कसूर झाली होती, परंतु ती दोनशेच्या घरातली नव्हती. आणि अटकेचा तर प्रश्नच उद्भवला नव्हता. तथापि पहिले वृत्त आणि ही दुरुस्ती यांच्या मधल्या काळात लोकमताने आपले जे अनेक चेहरे दाखविले, ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहेत. कोणी त्या आकड्यात कर्णधाराच्या फलंदाजीचाच आवेश पाहिला, कोणी त्याला तत्काळ कोठडीत घालण्याची मागणी केली, आणि बहुसंख्यांना चिंता वाटली ती एवढीच की ऐन स्पर्धेत कर्णधाराला काही इजा झाली असती तर संघाचे काय झाले असते. त्या मार्गावरून त्याच वेळी जाणाऱ्या इतर माणसांचे काय झाले असते, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांच्या ओठी आला.

लोकप्रिय खेळाडू बेफाम वेगाबद्दल कायद्याच्या कक्षेत सापडला, त्याला अटक झाली किंवा दंड झाला, म्हणजे समाज त्याकडे कसा पाहतो, आणि त्याने कसे पाहावयास हवे, या प्रश्नाचा एकत्र विचार करण्याचा हेतू या लेखात आहे. तो पालघर जिल्ह्यातून करण्यास विशेष कारण आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग या जिल्ह्याच्या अंगावरून वाहतो. देशाला हादरविणारा एक अपघात येथेच घडला. आणि वेगाच्या प्रश्नात ज्यांची बाजू सहसा कोणी मांडीत नाही असे रस्त्याकाठचे लोक येथे फार मोठ्या संख्येने राहतात. उपलब्ध उदाहरणे ताडून पाहिली असता मला असे दिसते की आपले लोकमत दोन गोष्टी पाहून निवाडा करते: वाहन हाकणारा माणूस कोण, आणि त्यातून निष्पन्न काय झाले. जे कृत्य या दोहोंच्या मध्ये असते, आणि जे वस्तुतः निवाड्याचा विषय व्हावयास हवे, त्याकडे त्याची दृष्टी वळतच नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू, कारण अटकेची मागणी करणाऱ्यांस आणि अटकेला अन्याय म्हणणाऱ्यांस, दोघांसही, ती बहुधा अवगत नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८३ प्रमाणे नुसत्या अतिवेगासाठी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हलक्या मोटारीस १,००० ते २,००० रुपये दंड आहे. पुन्हा तोच अपराध घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. धोकादायक रीतीने वाहन हाकणे हा कलम १८४ खालचा वेगळा व अधिक गंभीर अपराध असून त्यास पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि पोलीस अंमलदारास वॉरंटाशिवाय अटक करण्याचा जो अधिकार कलम २०२ देते, तो डोळ्यांदेखत घडलेल्या धोकादायक किंवा मद्यधुंद वाहनचालनास आणि दुसऱ्याचे वाहन पळविण्यास लागू आहे. नुसत्या अतिवेगास तो लागू नाही. शिवाय कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाचे चलान वाहनाच्या मालकाच्या नावे निघते, हाकणाऱ्याच्या नव्हे. प्रत्यक्ष कोण हाकीत होते हे मालकाकडून वदवून घेण्याची सोय कलम १३३ मध्ये आहे, परंतु दंड भरला गेला की ती तसदी घेण्याचे प्रयोजन सहसा उरत नाही. सारांश, परदेशांतून अतिवेगाबद्दल खेळाडूंच्या अटकेच्या ज्या वार्ता येतात, तसा प्रसंग आपल्याकडे कोणी मरण पावल्याखेरीज किंवा मद्याचा संबंध आल्याखेरीज बहुधा उद्भवतच नाही. आपल्याकडे वेगाला पावती मिळते. अटक मिळते ती रक्त सांडल्यावर.

आता प्रतिक्रियांच्या प्रकारांकडे वळू. पहिला प्रकार भक्तीचा. भक्ताच्या लेखी मैदानावरचे कौशल्य सर्वसंचारी असते. ज्या डोळ्यांना ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत ओळखता येतो, त्यांना मोटारीचा वेग काय जड, अशी ही विचारसरणी आहे. ती किती फोल आहे हे साध्या गणिताने दाखविता येते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, २०० च्या वेगात सुमारे ५६. खेळाडूचा प्रतिसाद सामान्य माणसाहून सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने जलद आहे असे मानले, तरी दोनशेच्या वेगात त्याचे अकराच मीटर वाचतात. उलटपक्षी ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर शंभराच्या वेगात जेथे साधारण ५५ मीटर लागतात, तेथे दोनशेच्या वेगात सुमारे २२० लागतात. अकरा मीटरांची कमाई आणि एकशे पासष्ट मीटरांचा तोटा असा हा व्यवहार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सरासरी वेग एका टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. या नियमाला प्रतिभेचा अपवाद नाही, आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला तर मोटार कोणाच्या हाती आहे हे कळण्याचा कोणताच मार्ग नाही.

दुसरा प्रकार क्रोधाचा. हा क्रोध केवळ वेगावरचा नसतो. पैसा, वशिला आणि मुलाहिजा यांच्या बळावर काही माणसे कायद्याच्या वरून निघून जातात, या दीर्घ अनुभवातून तो साचलेला असतो, आणि म्हणून त्याची अवहेलना करणे उचित नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना चिरडणाऱ्या तरुण चालकाला सत्र न्यायालयाने अवघी सहा महिन्यांची कैद दिली तेव्हा लोक संतप्त झाले. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले आणि ती हाकणाऱ्या अल्पवयीन मुलास बाल न्याय मंडळाने अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला, तेव्हा उसळलेल्या लोकक्षोभामुळेच त्या हुकुमाचा फेरविचार झाला आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपापर्यंत तपास पोहोचला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ७ जुलैला, वरळीत मासळी घेऊन परतणाऱ्या एका कोळी दांपत्याला बीएमडब्ल्यूने धडक दिली व त्यात पत्नीचा अंत झाला. ती गाडी हाकल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो पालघरच्या एका तत्कालीन राजकीय पदाधिकाऱ्याचा मुलगा असल्याने त्या घटनेची झळ आमच्या जिल्ह्यालाही लागली. वडिलांचे पक्षातील पद गेले. येथल्या चावड्यांवर आणि स्थानकांच्या फलाटांवर लोक दिवसेंदिवस तेच बोलत होते.

लोकक्षोभाने या तिन्ही प्रकरणांत कायद्याला जागे केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याची मर्यादाही याच उदाहरणांतून दिसते: तो मृत्यूनंतर जागा होतो आणि शिक्षेपाशी शांत होतो. त्याच वेगाने गेलेल्या, परंतु सुदैवाने कोणाला न धडकलेल्या गाडीबद्दल त्याला काही म्हणावयाचे नसते. शिवाय हा क्रोध श्रीमंताच्या मोटारीवर जसा उसळतो तसा मालमोटारीच्या गरीब चालकावर अधिकच निर्घृणपणे उसळतो. अपघात होताच चालक पळून गेला, ही बातमी आपण नित्य वाचतो. त्या पलायनाच्या मागे कायद्याच्या भयाइतकेच जमावाच्या माराचे भय असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून खबर न देता पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली गेली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी चाके थांबविली ती याच कैफियतीवर. आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अंमलात आली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवण्यात आले.

तिसरा प्रकार करुणेचा. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुडकीजवळ ऋषभ पंतची मोटार दुभाजकावर आदळून पेटली. हरियाणा परिवहनच्या बसचे चालक व वाहक यांनी त्याला दूर नेऊन वाचविले. त्याला डुलकी लागली होती असे पोलिसांनी सांगितले, रस्त्यातला खड्डा चुकविताना तोल गेला असेही सांगण्यात आले, आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने खड्ड्याची गोष्ट नाकारली. शिखर धवनने त्याला गाडी सावकाश चालविण्याचा सल्ला दिल्याची एक जुनी चित्रफीत त्या दिवसांत घरोघरी पाहिली गेली, परंतु एकंदर सूर प्रार्थनेचा होता. आणि तो २०२४ मध्ये पुन्हा मैदानावर उतरून विश्वविजेत्या संघात खेळला तेव्हा त्या प्रार्थनेचे सार्थक झाले असे सर्वांना वाटले. तसे वाटणे स्वाभाविक आहे आणि सुंदरही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये विनोद कांबळीला मद्याच्या अंमलाखाली गाडी हाकून एका गृहसंस्थेच्या फाटकावर धडकविल्याच्या आरोपावरून वांद्रे पोलिसांनी अटक करून जामिनावर सोडले, तेव्हाही लोकांच्या बोलण्यात रोषापेक्षा एका वाया गेलेल्या प्रतिभेबद्दलची हळहळच अधिक होती.

करुणेला विवेकाची जोड कशी द्यावी, हा प्रश्न स्पेनमध्ये फार तीव्रतेने उभा राहिला. १ जून २०१९ रोजी फुटबॉलपटू होसे अंतोनियो रेयेस सेव्हियाजवळ मोटार अपघातात मरण पावला. त्याच्याबरोबरचा एक नातलगही दगावला व दुसरा जबर जखमी झाला. सारा देश शोक करीत असता सांतियागो कानिसारेस या माजी गोलरक्षकाने जाहीरपणे म्हटले की बेसुमार वेगाने वाहन हाकणे निंद्य आहे, चालकाखेरीज इतरही बळी पडले आहेत, आणि म्हणून वीरासारखा सन्मान करणे योग्य नाही. त्याच्यावर निष्ठुरपणाचा आरोप झाला, आणि शोकाच्या घटकेस असे बोलणे अनेकांना रुचले नाही. माझ्या मते त्याने वेळ चुकीची निवडली असेल, परंतु मुद्दा अचूक निवडला. दिवंगताबद्दल दुःख मानणे आणि त्याच्या कृत्याला निर्दोष ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आडून दुसरी आपण नकळत करीत असतो.

चौथा प्रकार संस्थांचा, म्हणजे ज्यांचा पैसा व प्रतिष्ठा खेळाडूत गुंतलेली असते त्यांचा. अमेरिकेतील फुटबॉलचा हेन्री रग्स हा खेळाडू २ नोव्हेंबर २०२१ रोजी लास व्हेगासमध्ये मद्याच्या अंमलाखाली ताशी १५६ मैल, म्हणजे २५० किलोमीटरपर्यंत, मोटार पळवीत असता एका तरुणीच्या गाडीवर आदळला. ती व तिचा कुत्रा जळून मेले. त्याच्या संघाने त्याच दिवशी त्याला काढून टाकले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने तीन ते दहा वर्षांची कैद दिली. मार्च २०२४ मध्ये त्याच खेळातील रशी राइस डल्लासमध्ये ताशी ११९ मैलांनी गेला व त्याने घडविलेल्या साखळी अपघातात अनेक जण जखमी झाले. परंतु कोणी मेले नाही. तो त्या हंगामात खेळावयास उतरला, आणि ३० दिवसांची कैद व सहा सामन्यांची बंदी त्याच्या वाट्यास आली ती २०२५ मध्ये. जुलै २०२३ मध्ये जॉर्डन ॲडिसन हा नवखा खेळाडू ५५ मैलांची मर्यादा असलेल्या मार्गावर १४० मैलांनी जाताना पकडला गेला, तेव्हा घरी कुत्र्यावर संकट ओढवले आहे असे त्याने पोलिसांस सांगितले. कोणास इजा झाली नसल्याने लोकांनी ते थट्टेवारी नेले. या तिघांच्या वेगांत अंतर आहे, पण त्यांच्या नशिबांतील अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे, आणि ते पडले आहे मुख्यतः समोर कोण आले या योगायोगाने. सप्टेंबर २०२४ मध्ये मायामीत त्याच खेळातील टायरिक हिल याला अतिवेगाच्या संशयावरून थांबविले असता पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडून हातकड्या घातल्या, तेव्हा चर्चा वेगावरून सरकून कृष्णवर्णीयांशी होणाऱ्या वर्तनावर गेली. ती तशी जाणे आवश्यक होते, कारण अपराध्यासही अदब राखून वागविणे हा कायद्याचाच भाग आहे. मात्र पुढे पोलीस सुनावणीस हजर न राहिल्याने त्याच्यावरची चलाने रद्द झाली आणि मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी मर्सिडीज मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली आणि टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. ते खेळाडू नव्हते व गाडीही ते हाकीत नव्हते. परंतु विख्यात माणसाच्या वेगाशी समाज कसा वागतो याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण हेच आहे. नाक्यावरच्या कॅमेऱ्याच्या नोंदीवरून गाडीने २० किलोमीटर अंतर ९ मिनिटांत, म्हणजे सरासरी ताशी सुमारे १३३ च्या वेगाने, काटल्याचे प्रारंभी सांगण्यात आले. मर्सिडीज कंपनीच्या अहवालात धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० आणि धडकेच्या क्षणी ८९ असा आला. लोकांनी आधी गाडी कोण चालवीत होते हे विचारले, मग मागच्या आसनावर पट्टे का बांधले नव्हते हे विचारले, आणि त्यानंतर तीन पदरांचा रस्ता पुलाशी दोन पदरांचा का होतो हे विचारले. मागच्या प्रवाशांनी पट्टा बांधण्याचा नियम कागदोपत्री पूर्वीपासून होता. १,००० रुपयांचा दंडही होता. पण मुंबईत त्याची सक्ती जाहीर झाली ती त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून. कासा पोलीस ठाण्यात नोव्हेंबरात निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा गुन्हा दाखल झाला.

परंतु त्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत महामार्ग पोलिसांकडून जे आकडे बाहेर आले ते अधिक हृदयद्रावक होते. घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या टप्प्यात त्या वर्षाच्या प्रारंभापासून २६२ अपघात होऊन किमान ६२ जण मेले होते आणि १९२ जखमी झाले होते. एकट्या चारोटी परिसरात २५ गंभीर अपघातांत २६ मृत्यू, चिंचोटीजवळ ३४ अपघातांत २५ मृत्यू, मनोरजवळ १० अपघातांत ११ मृत्यू अशी ती यादी होती. म्हणजे मिस्त्रींच्या आधी त्याच परिसरात आठ महिन्यांत दोन डझन माणसे गेली होती आणि त्यांच्यासाठी ना पुलाच्या कठड्याची चौकशी झाली होती, ना पट्ट्यांची सक्ती. मी हे मिस्त्रींच्या मृत्यूचे दुःख उणे करण्यासाठी लिहीत नाही. त्या एका मृत्यूने जी हालचाल झाली तीमुळे काही प्राण खचितच वाचले असतील. परंतु ज्या समाजाला रस्त्याची दुरवस्था दिसण्यासाठी विख्यात माणसाचा बळी लागतो, त्याचे लोकमत अजून पुरते प्रौढ झालेले नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

या महामार्गाच्या काठावर कोण राहते, हे मुंबईहून गुजरातकडे भरधाव जाणाऱ्यास क्वचितच दिसते. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे दोन्ही अंगांस आहेत. शाळा एका बाजूस तर घर दुसऱ्या बाजूस, आठवड्याचा बाजार पलीकडे तर शेत अलीकडे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातील यात्रा भरते तेव्हा पायी येणाऱ्यांच्या रांगा याच रस्त्याच्या कडेने चालतात. मेंढवणची खिंड, वरई फाटा, सोमटा ही नावे येथल्या माणसाला अपघातांमुळेच अधिक परिचित झाली आहेत. पश्चिमेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. रसायनांचे टँकर, पोलादाच्या सळ्या आणि पत्र्यांची भेंडोळी वाहणारे ट्रेलर चिल्हार फाट्याकडे अहोरात्र धावतात, आणि त्यांच्याच बाजूने पाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेले कामगार जातात. देशात २०२२ साली रस्त्यांवर जी १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात आणि मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवर होते, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अहवाल सांगतो. अतिवेगाचा अपराध बहुधा चार चाकांवरचा आणि मरण बहुधा दोन चाकांवरचे, किंवा दोन पायांवरचे, अशी ही विभागणी आहे.

येथे एका स्थानिक खेळाडूचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. शार्दूल ठाकूर पालघरचा. ज्या दिनेश लाड यांनी बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत रोहितला घडविले, त्यांनीच शार्दूललाही घडविले. क्रिकेटची पिशवी खांद्यावर टाकून पालघरहून मुंबईपर्यंत लोकलने केलेला त्याचा प्रवास आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आणि २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर भारताचा हा गोलंदाज अंधेरीहून लोकल पकडून घरी आला, ही गोष्ट लोकांनी ज्या प्रेमाने एकमेकांना सांगितली तीवरून समाजाला खेळाडूत खरे काय हवे असते त्याची कल्पना येते. लोकांना त्याचे ऐश्वर्य आवडते, परंतु तो आपल्यातच बसून आला, याने ते अधिक सुखावतात. आदर्शाची ही भूक खरी आहे. म्हणूनच मोठ्या खेळाडूचा वेग हा त्याचा खाजगी मामला ठरत नाही. बोईसरच्या नाक्यावर नवी मोटारसायकल घेऊन उभा असलेला अठरा वर्षांचा मुलगा त्याच्या फटक्याचे अनुकरण करतो तसेच त्याच्या वेगाचेही करतो, आणि त्याच्याजवळ भक्कम मोटारीचे पोलादी संरक्षण नसते.

इतर देशांनी या प्रश्नाशी कसे वर्तन केले, हेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत फुटबॉलपटू मार्को रॉयस अनेक वर्षे परवान्यावाचून मोटार चालवीत होता. अतिवेगाबद्दल पाच वेळा दंड होऊनही परवाना कोणी पाहिला नव्हता. डिसेंबर २०१४ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा त्याला ५,४०,००० युरो दंड झाला, कारण तेथे दंड अपराध्याच्या दैनिक उत्पन्नावर आकारला जातो. फिनलंडमध्येही अतिवेगाच्या दंडास हीच पद्धत लागू आहे. ५० च्या मर्यादेत ७५ ने गेल्याबद्दल नोकिया कंपनीच्या एका संचालकास १,१६,००० युरो भरण्याचा हुकूम २००२ मध्ये झाला होता. फ्रान्सने २००७ मध्ये लुईस हॅमिल्टनला, मोटारशर्यतीतील धुरंधर असूनही, ताशी १९६ च्या वेगाबद्दल महिनाभर गाडी चालविण्यास मनाई केली. शर्यतीच्या धावपट्टीवरचे प्रावीण्य सार्वजनिक मार्गावर ग्राह्य धरले नाही. याउलट इंग्लंडात २०१८ मध्ये डेव्हिड बेकहॅम याने ४० मैलांच्या मर्यादेत ५९ मैलांनी गेल्याचे मान्य केले, परंतु नोटीस एक दिवस उशिरा पोहोचल्याच्या मुद्द्यावर तो सुटला, आणि निष्णात वकील परवडणाऱ्यांसाठी कायदा वेगळा आहे या भावनेला तेथेही खतपाणी मिळाले. आपल्याकडे २,००० रुपयांचा दंड बोईसरच्या कंत्राटी कामगाराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतका आहे आणि कोट्यधीश खेळाडूच्या लेखी नगण्य आहे. समान दंड हा येथे समान न्याय होत नाही.

याबरोबरच एक खबरदारी आवश्यक आहे. रोहितच्या प्रकरणात २१५ हा आकडा आला आणि मागे पडला. रेयेसच्या बाबतीत २३७ चा प्रारंभीचा आकडा पुढे तपासात १८७ वर आला. मिस्त्रींच्या गाडीविषयीही दोन हिशेब निघाले. पहिला आकडा सर्वांच्या स्मरणात राहतो आणि दुरुस्ती कोणाच्याच राहत नाही. विख्यात माणसालाही पुराव्यावाचून दोषी न ठरविले जाण्याचा हक्क आहे, आणि त्याला झोडपण्यात मिळणारे समाधान हे न्यायाचे समाधान नव्हे. एका खेळाडूला उदाहरण म्हणून कोठडीत टाकल्याने महामार्ग सुरक्षित होत नाही. तो होतो तो प्रत्येक वाहनाला, ते कोणाचेही असो, त्याच मापाने आणि न चुकता लागू होणाऱ्या अंमलाने. मुंबई-पुणे मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी सलग व्यवस्था उभी राहिली आहे तिचे मोल याच कारणास्तव मोठे आहे. यंत्राला भक्ती नसते आणि द्वेषही नसतो. तिची जोड घोडबंदर ते अच्छाड या टप्प्याला मिळाली पाहिजे, आणि मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग आमच्या तालुक्यांतून पूर्णपणे वाहू लागेल त्या दिवशी ती तेथे आधीच कार्यरत असली पाहिजे.

तेव्हा लोकमताकडून अपेक्षा काय करावी? खेळाडूवर प्रेम करणे त्याने सोडावे, असे मी म्हणणार नाही. ते प्रेम आपल्या नीरस जीवनातील मोठा आनंद आहे. परंतु बेफाम वेगाची वार्ता कानी येताच चालक कोण होता आणि कोणी मेले काय, हे विचारण्यापूर्वी वेग किती होता, मर्यादा किती होती आणि त्या रस्त्यावर आणखी कोण होते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्याने स्वतःला लावून घ्यावी. अपराध घडतो तो गाडी कोणावर आदळते तेव्हा नव्हे. दुसऱ्याच्या प्राणावर आपल्या हौसेचा अधिकार आहे असे मानून पाय दाबला जातो त्याच क्षणी तो पूर्ण होतो. हे तत्त्व मान्य केले तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असावा, पुनरावृत्तीस परवाना खरोखरच जप्त व्हावा, मालकाच्या आड चालकाला लपता येऊ नये, आणि क्रिकेट मंडळाने करारबद्ध खेळाडूंच्या अशा कसुरीची दखल अपघाताची वाट न पाहता घ्यावी, या मागण्या आपोआप निष्पन्न होतात. त्या कोणा एका विख्यात माणसाविरुद्ध नाहीत. चारोटीला महामार्ग ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीचा आणि भारताच्या कर्णधाराचा रस्त्यावरचा हक्क अगदी समान आहे, एवढेच त्या सांगतात. आणि ज्या दिवशी आपला संताप तिच्या मृत्यूनंतर नव्हे तर तिला वाट सोडली गेली नाही म्हणून जागा होईल, त्या दिवशी खेळाडूंच्या वेगाबद्दल निराळे लेख लिहिण्याची गरज उरणार नाही.